गावच्या कुंभारमामांसाठी सत्कारापलीकडे काय करता येईल?

प्रश्न – मलप्रभाकाठ
बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील आमच्या गावी एक वयस्कर कुंभारमामा आहेत. ज्येष्ठ पौर्णिमेला खऱ्या बैलांचा सण झाला की पुढच्या अमावास्येला पुजायचे मातीचे बैल, भाद्रपदातील गणपती, नवरात्राचे घट आणि संक्रांतीची सुगडी असे सारे आजही त्यांच्याच हातून घडते. घर मराठी असो वा कन्नड, बैलांची जोडी ते स्वतः दारी नेऊन देतात आणि सूपभर भात मिळाला तरी समाधान मानतात. माती मात्र ते तळे आटल्यावरच काढतात. पहिला पाऊस झाला की कुदळ लावत नाहीत. तरुण मंडळाला यंदा त्यांचा सत्कार करायचा आहे. शाल-श्रीफळाखेरीज त्यांच्या कामाला उपयोगी पडेल असे काय करावे?

उत्तर – शिवारातला
मामांच्या नियमामागे व्यवहारही आहे आणि तळ्याविषयीची कळकळही. उन्हाळ्यात गाळ काढला की त्यांना माती मिळते आणि तळ्याची खोलीही वाढते. आपल्याकडच्या पावसात भांडी सुकत नाहीत, शेणी आणि पिंजर (भाताचा पेंढा) ओले होते, त्यामुळे आवा, म्हणजे भांडी भाजायची भट्टी, लावता येत नाही. म्हणून घागरी आणि मडकी उन्हाळ्यातच भाजून ठेवावी लागतात. पावसाळ्यातले बैल आणि गणपती न भाजलेले असतात आणि म्हणूनच ते पाण्यात विरघळतात. सण, हवामान आणि हातचे काम यांची अशी सांगड पिढ्यान्‌पिढ्या बसत आली आहे, आणि मामा ती आजही मनापासून सांभाळत आहेत, याचे मला फार मोल वाटते. तळ्याचा गाळ यंत्राने काढायचा असेल, तर मामांना आधी दाखवून चिकण मातीचा थर त्यांच्यासाठी वेगळा ठेवावा.

उत्तर – वेशीपासचा
सत्कार अवश्य करा, पण त्याच दिवशी गणपतीची मागणी नोंदवून निम्मी रक्कम हातात द्या. मोठ्या मंडळांच्या मूर्ती प्लास्टर ऑफ पॅरिसच्या असल्याने मातीची मूर्ती महाग वाटते, परंतु केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्लास्टरच्या मूर्तींवर बंदी घालण्यास सांगितले होते. दर मामांना ठरवू द्या. ते सवयीने कमी सांगतील. तेव्हा माती मळणे, चाळणे, सुकवणे आणि रंगवणे यांत जाणारे दिवस मोजून तुम्हीच तो वाढवा. भात देण्याची चाल मोडू नका, मात्र तो मोबदल्याच्या जागी नव्हे, मानाचा म्हणून द्या.

उत्तर – खानापूरकर
घरातले कोणी शिकू इच्छित असेल, तर खानापुरातच खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्था आहे. तिथे चौकशी करावी. २०१८ मध्ये सुरू झालेल्या कुंभार सशक्तीकरण योजनेतून विजेवर चालणारी चाके दिली जातात. हाताने चाक फिरवून खांदा भरून येणाऱ्या माणसाला त्याचा मोठा आधार होईल. मात्र मामांना आधी विचारा, कारण कित्येकांना जुन्या चाकाची पूजा सोडवत नाही, आणि त्यांचे म्हणणे मानायला हवे.

मलप्रभाकाठ
सर्वांचे आभार. गाळ काढण्याचे काम वैशाखात ठरले आहे. चिकण मातीचा थर बाजूला ठेवण्याविषयी उद्याच ग्रामपंचायतीत अर्ज देतो आणि मागणीची वही मंडळाच्या कार्यालयात ठेवतो.