शब्दचर्चा: ‘समुदाय’, ‘कट्टा’ आणि ‘सहभाग नोंदवणे’

पंचवटीहून:

ब्लॉग लिहिणारे, प्रोग्रामिंग करणारे आणि मराठी विकिपीडियावर काम करणारे अशा सगळ्यांनी नाशकात दर महिन्याला एकदा भेटायचे ठरले आहे. सूचनेचा मसुदा असा:

‘नाशिक तंत्रज्ञान व ब्लॉगिंग समुदायाच्या मासिक मेळाव्यात आपला सहभाग नोंदवावा. सदस्यत्व विनामूल्य. कार्यशाळा होईल.’

व्याकरणाची मोठी चूक दिसत नाही, पण वाचल्यावर यावेसे वाटत नाही. ‘समुदाय’, ‘मेळावा’, ‘सहभाग नोंदवणे’ आणि ‘सदस्यत्व’ यांवर जाणकारांचे मत हवे आहे. ‘ब्लॉग’ ठेवावा की ‘अनुदिनी’ करावी, तेही सांगा.

कॉलेजरोडहून:

‘समुदाय’ आधी काढा. मराठीत तो दोन ठिकाणी भेटतो. ‘जनसमुदाय लोटला’ म्हणजे गर्दी, आणि बातमीतला ‘अमुक समुदाय’ म्हणजे जात, धर्म किंवा जमात. गर्दीत माणूस सापडतो आणि जातीत जन्मतो. आवडीच्या कामासाठी आपण होऊन येऊन बसलेल्या पंधरा-वीस लोकांना यातला कुठलाच अर्थ लागू पडत नाही.

‘मंडळ’ म्हटले की अध्यक्ष, खजिनदार आणि पावतीपुस्तक डोळ्यांसमोर येते. ‘गट’ला लागून ‘गटबाजी’ येते. ‘कंपू’ हा शब्द एकेकाळी शिंद्यांच्या कवायती पलटणींसाठी सरसकट वापरात होता. आज त्याचा अर्थ आपापल्यांपुरते दार उघडणारी टोळी असा उरला आहे, त्यामुळे नवख्याला बोलवायच्या सूचनेत तो नकोच. ‘अड्डा’ बंगालीत गप्पांचा असतो, मराठीत जुगाराचा. ‘मंडळी’ मात्र चांगला शब्द आहे. तो हाक मारायला चालतो आणि त्यात लहानथोर सगळे मावतात. अडचण एवढीच की ‘मंडळी’ माणसांना म्हणतात, भेटीला नाही.

‘मेळावा’ पक्षाचा, रोजगाराचा किंवा माजी विद्यार्थ्यांचा असतो. त्यात व्यासपीठ आलेच, म्हणजे बोलणारे वर आणि ऐकणारे खाली. ‘संमेलन’ तर त्याहून भारदस्त, वर्षातून एकदा होणारे. २०२१च्या डिसेंबरात ९४वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन नाशकातच झाले, तेव्हा इथे ‘संमेलन’ म्हटल्यावर लोकांना तोच मांडव आठवेल.

बसण्याच्या जागेवरून आलेले शब्द या कामाला जास्त बरे: पार, ओटा, चावडी, कट्टा. नाशिककरांना पार नवा नाही. पिंपळपारावरची पाडवा पहाट सगळ्यांना ठाऊक आहे. पण ‘पार’ला विभक्ती लागली की घोटाळा होतो. ‘पाराची भेट’ वाचताना पाऱ्याची आठवण येते. ‘चावडी’वर निवाडा होतो, वसुली होते. कट्ट्यावर यातले काही होत नाही. तिथे कोणी निमंत्रण देत नाही, उशिरा आलेला कडेला टेकतो आणि लवकर उठणाऱ्याला कोणी अडवत नाही. तुमच्या भेटीचे रूप हेच असेल तर ‘कट्टा’च लिहा.

नाशिकरोडहून:

‘कट्टा’ला माझा पाठिंबा, पण एकटा सोडू नका. वर्तमानपत्रात ‘गावठी कट्टा जप्त’ रोज छापून येते. बाजार समितीत कट्टा म्हणजे धान्याची गोणी, ‘सोयाबीनचे दहा कट्टे’. शिवाय ‘कट्टा वैरी’तला कट्टा आहेच. आधी एक शब्द जोडला की संशय फिटतो: ब्लॉगकट्टा, तंत्रकट्टा. सामान्यरूप ‘कट्ट्या’: कट्ट्यावर, कट्ट्याला. ‘कट्टावर’ ही चूक फलकांवर सर्रास दिसते.

दुसरे म्हणजे ‘नाशिकमध्ये’ चुकीचे नाही, पण ‘नाशकात’ अधिक मुरलेले रूप आहे. माणूस-माणसात, पाऊस-पावसात, तसेच नाशिक-नाशकात. शेवटून दुसऱ्या अक्षरातला इकार किंवा उकार सामान्यरूपात गळतो आणि तिथे अकार येतो. पंचवटीकर, तुम्ही पहिल्याच ओळीत ‘नाशकात’ लिहिले आणि मसुद्यात कोरडे ‘नाशिक’ ठेवले!

पत्ता मात्र बोलीत नको. आपण गोदावरीला ‘गंगा’ म्हणतो, ‘गंगेवर भेटू’ म्हणतो. नोकरीसाठी अंबडला किंवा सातपूरला नव्याने आलेला माणूस त्याने गोंधळेल. तिथे ‘गोदाघाट’ आणि जवळची ठळक खूण द्या.

गंगापूररोडहून:

‘सहभाग नोंदवणे’बद्दल. ‘भाग घेणे’ हे जुने, पक्के क्रियापद आहे: स्पर्धेत भाग घेतला. ‘सहभागी’ हे विशेषण, म्हणून ‘सहभागी होणे’. या दोहोंची सरमिसळ होऊन ‘सहभाग घेणे’ तयार झाले. सहभाग ही असण्याची स्थिती आहे. तो असतो, मिळतो, वाढतो, पण वाटीतल्या साखरेसारखा घेता येत नाही. ‘सहभाग नोंदवणे’ तर कचेरीच्या भाषेतले. त्यात नोंद महत्त्वाची ठरते आणि येणे दुय्यम. शासकीय अहवालात ‘२०० जणांनी सहभाग नोंदवला’ वाचून ते लोक तिथे काय करत होते ते कळत नाही. तुमचा त्रास नेमका इथे आहे. वाचणाऱ्याने काय करायचे ते या सूचनेतला कुठलाच शब्द सांगत नाही.

म्हणून क्रियापद कामाचे घ्या. ‘या’, ‘बसा’, ‘दाखवा’, ‘विचारा’, ‘दुरुस्त करा’. आणि ‘योगदान’ हा शब्द जपून वापरा. तो ऐकला की ‘स्वातंत्र्यलढ्यातील योगदान’ आठवते आणि साधा वाचक मागे सरतो. त्याच्या जागी ‘हातभार लावणे’ आहे. हातभार लहान असला तरी चालतो, आणि भार वाहून नेणारे इतरही आहेत हे त्यात आपसूक येते.

सिडकोहून:

गंगापूररोडच्या ताई, ‘योगदान’ अगदीच टाकता येणार नाही. मराठी विकिपीडियावर तो पारिभाषिक शब्द आहे. जतन केलेला प्रत्येक बदल तुमच्या ‘योगदान’ यादीत दिसतो, मग तो एका स्वल्पविरामाचा का असेना. नवख्याला हे तोंडाने सांगावे, म्हणजे शब्दाचा धाक जातो.

‘सदस्य’चेही तसेच. विकिपीडियावर खाते उघडणारा प्रत्येक जण ‘सदस्य’. पण नाशकात ‘सदस्यत्व विनामूल्य’ वाचणारा वाचनालयाच्या वर्गणीशी ताडून पाहतो. सावाना, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिक, १८४०पासून आहे, तेव्हा सभासद, वर्गणी आणि अनामत हे शब्द इथे पिढ्यांचे आहेत. ‘विनामूल्य’ म्हटल्याने उलट शंका येते की पुढे काहीतरी भरावे लागेल. सूचनेत सदस्यत्व नकोच. विकिपीडियाचे काम असेल तर स्पष्ट लिहा: ‘खाते घरूनच उघडून या.’

याला कारण आहे. एकाच आयपी पत्त्यावरून, म्हणजे एकाच इंटरनेट जोडणीवरून, २४ तासांत ठराविकच खाती उघडता येतात, नेहमीची मर्यादा ६. सभागृहातल्या एका वायफायवर वीस जण बसले की सातव्याला नकार येतो आणि त्याला वाटते आपलेच काहीतरी चुकले. घरून खाते उघडता आले नसेल तर तेवढ्यापुरते मोबाइलचे इंटरनेट वापरावे.

पहिला सराव ‘धूळपाटी’वर, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर, करावा. मराठी विकिपीडियाने वापरात आणलेल्या शब्दांत मला हा सर्वांत मोलाचा वाटतो. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरून बोटाने अक्षर काढायचे आणि चुकले की पाटी हलवायची, झाली कोरी. चूक पुसली जाण्याची हमी त्या शब्दातच आहे. सांगेल तेवढेच करणाऱ्या स्वयंचलित प्रोग्रामला ‘सांगकाम्या’ म्हणतात, तोही घरातलाच शब्द. नवा शब्द पाडताना हाच निकष लावावा की तो ऐकून वस्तूचे काम कळते का.

पंचवटीहून:

मग त्या निकषावर ‘अनुदिनी’ टिकते का?

कॉलेजरोडहून:

पूर्ण नाही. अनु + दिन, म्हणजे दररोजची. महिन्याला एकदा लिहिणाऱ्याची अनुदिनी कशी? ब्लॉगसाठीच सुचवलेल्या ‘जालनिशी’ची घडण जास्त पक्की आहे: रोजनिशीतली ‘निशी’ फारसीतून आली, तिचा अर्थ लेखन. दोन्ही शब्द सुंदर आहेत आणि लेखात वापरावेत, पण सूचनेत ‘ब्लॉग’च ठेवा. मूळ ‘वेबलॉग’ १९९७चा, त्याचा ‘ब्लॉग’ झाला १९९९मध्ये. मराठीत तो पुल्लिंगी होऊन रुळला: माझा ब्लॉग, ब्लॉगचा पत्ता.

खरा गोंधळ वेगळाच आहे. ‘आज मी एक ब्लॉग लिहिला’ असे बोलले जाते तेव्हा एक लेख अभिप्रेत असतो. ब्लॉग ही वही आहे, तिच्यातला एकेक लेख म्हणजे नोंद किंवा पोस्ट. ‘आपला ब्लॉग घेऊन या’ लिहाल तर निम्मे लोक नुसता पत्ता आणतील आणि निम्मे एक लेख. ‘ब्लॉगवरचा एक लेख’ असे लिहा. आणि ही ‘पोस्ट’ स्त्रीलिंगी: ब्लॉगवर पोस्ट टाकली, पण पत्र पोस्टात टाकले.

सातपूरहून:

मजकूर ठरला की टंकनाकडे बघा, कारण ‘कट्टेकऱ्यांनो’ लिहायला गेलात तर तिथेच अडाल. या ‘ऱ्यां’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी उमटतो. एक तऱ्हा अशी: ऱ (संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये ०९३१), मग हलन्त, मग य. दुसरीत साधा र, हलन्त, न दिसणारा जोडचिन्ह-वर्ण (२००डी) आणि य. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी अक्षरे आहेत. एक शोधल्यावर बऱ्याच ठिकाणी दुसरे सापडत नाही. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे, मग डी, मग य दाबले की पहिली तऱ्हा मिळते. कायम तीच ठेवा. जोडचिन्ह गाळले तर ‘र्यां’ होते आणि अर्थच पालटतो: ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना, ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना.

‘ॲप’चीही तीच कथा. ॲ हे स्वतंत्र अक्षर (०९७२) युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आले. त्याआधीचे आणि जुन्या सवयीने आजही होणारे लेखन अ आणि चंद्र जोडून होते. छपाईवाल्याकडून मजकूर परत घेताना तो युनिकोडमध्येच आहे ना, ते पाहा. जुन्या फॉन्टमधली फाइल ब्लॉगवर चिकटवली की नुसती खुणांची रांगोळी उमटते.

आता ‘कार्यशाळा’. या शब्दात हाताने काम करणे आहे. वक्ता बोलणार आणि बाकीचे ऐकणार असतील तर ते ‘व्याख्यान’. वक्ता करून दाखवणार असेल तर ‘प्रात्यक्षिक’. ‘कार्यशाळा’ लिहिलीत की लोक लॅपटॉप आणणार, आणि मग विजेचा हिशेब आला. २० लॅपटॉप, प्रत्येकी सुमारे ६५ वॅट, म्हणजे १३०० वॅट. भिंतीतले ६ अँपिअरचे सॉकेट २३० व्होल्टला १३८० वॅटपर्यंत जाते. त्यालाच ३०० वॅटचा प्रोजेक्टर लावला की बेरीज १६०० होते आणि खटका पडू शकतो. चार-चार खाचांचे पाच बोर्ड दोन वेगळ्या सर्किटांवर वाटून लावा, प्रोजेक्टर तिसऱ्यावर. नुसते सॉकेट बदलून भागत नाही, बऱ्याचदा शेजारची दोन सॉकेटे एकाच खटक्यावर असतात. एवढी सोय नसेल तर सूचनेत ‘प्रात्यक्षिक’ लिहा.

पंचवटीहून:

सगळ्यांचे धरून नवा मसुदा:

‘नाशकातला ब्लॉगकट्टा. दर महिन्याचा दुसरा रविवार, सायंकाळी ५ ते ७. ब्लॉगवरचा एक लेख किंवा अडलेला प्रोग्राम घेऊन या, दाखवा, विचारा. या वेळी विकिपीडियावर लेख दुरुस्त करायची कार्यशाळा: लॅपटॉप चार्जरसह आणा, खाते घरूनच उघडून या. खुर्च्या २०, म्हणून येणार असाल तर आधी कळवा.’

गंगापूररोडहून:

छान झाले. एकच बदल: ‘लेख दुरुस्त करायची’ऐवजी ‘लेख दुरुस्त करण्याची’ करा. बोलताना ‘करायची’ चालते, पण तुमची बाकीची सूचना प्रमाण लेखनात आहे. आणि ‘सायंकाळी ५’ राहू द्या, नुसते ‘५ वाजता’ नको.