खेड्यात लो कार्ब टिकते का? वऱ्हाड अन् झाडीपट्टी, दोन्हीकडचे बोला

गल्लेवाला (दर्यापूर)

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. लो कार्ब म्हणजे पुण्या-मुंबईचे चोचले, आपल्याकडं भाकरीशिवाय माणूस उभा राहत नाही, असं जो तो म्हणतो. मला ते पटत नाही. आपल्या आजोबाला दोन-तीन भाकरी लागत होत्या, कारण तो दिवसभर डवऱ्यामागं चालत होता. आता तण तणनाशकानं मरते, वखरणी ट्रॅक्टरनं होते अन् वावरात जायला गाडी आहे. काम अर्ध्यावर आलं, ताट तेवढंच राहिलं. मी कृषी केंद्र चालवतो, सकाळपासून गल्ल्यावर बसून असतो. मला दोन भाकरी, वर भात अन् मधामधात गोड चहा कशाला पाहिजे?

ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात ६८ ग्रॅमच्या आसपास कार्ब (म्हणजे पिष्ट-साखर) असते. घरची हातावरची भाकर ८०-१०० ग्रॅम पिठाची. दिवसाचे कार्ब १३० ग्रॅमच्या आत ठेवले तर त्याला साधारणपणे लो कार्ब म्हणतात. म्हणजे दोन भाकरीतच कोटा संपत आला. कीटो वेगळं, ते ५० ग्रॅमच्याही खाली. ते मी कोणाला सांगत नाही अन् करतही नाही.

माझं जेवण असं: सकाळी पोह्याऐवजी दोन अंडी नाहीतर मूठभर फल्लीदाणे. दुपारी अर्धी भाकर, पण भाजी दोन वाट्या (भरीत, मेथी, अंबाडी, जे निघेल ते), घट्ट वरण, जवसाची चटणी. रात्री चून (पिठलं), काकडी, मठ्ठा. चहा फिका. सुरुवातीला गावानं हसून घेतलं, आता सवय झाली. पोळा, महालक्ष्म्या, घरचं लग्न या दिवशी मी सगळं खातो, दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धी भाकर. माझ्या मते टिकण्याचं गुपित एवढंच आहे. आता सांगा, यात शहरी काय आहे?

बोंडअळी (घाटंजी)

भाऊ, तुमी गल्ल्यावर बसता, तुमचं जमते. फवारनीचा पंप पाठीवर घेऊन एक दिवस कपाशीत फिरून पाहा, मंग अर्ध्या भाकरीची गोठ करू. दुपारपावतोर धुऱ्यावर आडवे नाई झाले तर सांगा.

अन् ज्वारीले कायले बदनाम करता? शुगरवाल्याले डॉक्टरच सांगते का पोळी सोडा, भाकर खा. माह्या बापानं जलमभर भाकर अन् ज्वारीच्या भरड्याच्या कन्या खाल्ल्या, शुगर म्हनजे काय त्याले ठाऊक नव्हतं. बिघडलं ते रेशनच्या गव्हानं अन् हाटेलातल्या तर्री-पोह्यानं.

गल्लेवाला (दर्यापूर)

पंप उचलणाऱ्याला मी भाकर सोडायला सांगतच नाही. मी बसणाऱ्यांबद्दल लिहिलं, अन् गावात बसणारे आता कमी नाहीत.

पण ज्वारीचं तुमचं म्हणणं अर्धंच खरं. आयसीएमआरचा (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा) ‘इंडियाब’ नावाचा मधुमेहावरचा देशभराचा मोठा अभ्यास आहे. २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या संशोधन मासिकात त्याचा आहाराचा भाग छापून आला. आपल्या जेवणातली ६२ टक्के ऊर्जा कार्बमधून येते, असं त्यात निघालं. पुढचं जास्त कामाचं आहे: पांढरा तांदूळ सोडून तेवढंच गव्हाचं किंवा ज्वारी-बाजरीचं दळलेलं पीठ खाल्लं, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. कार्ब एकूणच कमी करून त्या जागी डाळ, दूध, अंडी असं प्रोटीन आलं, तेव्हा फरक दिसला. ज्वारीत तंतू जास्त आहेत, पोट भरलेलं राहते, हे कबूल. पण तीन भाकरी त्या तीनच.

सेवानिवृत्त मास्तर (आर्वी)

गल्लेवाले, दुसरी बाजूही वाचा. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठानं ६०९ माणसांवर वर्षभर प्रयोग केला. निम्म्यांना कमी कार्ब, निम्म्यांना कमी चरबी. वर्षाअखेर पहिल्यांचं वजन सरासरी ६ किलो उतरलं, दुसऱ्यांचं ५.३ किलो, आणि हा फरक संशोधकांनी मोजण्याजोगा मानला नाही. दोन्ही गटांना साखर, मैदा सोडून भाज्या आणि घरचं अन्न खायला सांगितलं होतं. मग यश कार्बचं, की बंद झालेल्या गोड चहाचं?

पहिल्या पंधरवड्यात जे वजन झपाट्यानं उतरतं, त्यावर लोक फार खूश होतात. त्यातलं बरंचसं पाणी असतं. शरीरात साठवलेल्या साखरेच्या एका ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. साठा रिकामा झाला की तेही जातं. चरबी एवढ्या घाईनं जात नाही. तिसऱ्या आठवड्यात काटा थांबतो आणि माणूस म्हणतो, आपल्याला हे सूट होत नाही. निम्मे लोक तिथंच सोडतात, असं माझं निरीक्षण आहे.

आणि तुमचं चून म्हणजे बेसनच ना? १०० ग्रॅम हरभरा डाळीत ४६-४७ ग्रॅम कार्ब असतं. प्रोटीनही २१ ग्रॅम आहे म्हणून चालून जातं, पण दोन प्लेट पातोडी हाणून ‘मी कमी कार्बवर आहे’ म्हणू नका.

दोनदाच जेवा (काटोल)

एवढा हिशोब कशाला? दिवसातून दोनदा जेवा, जेवण ५५ मिनिटांत आटपा, मधे काही नाही. डॉ. दीक्षितांनी हे महाराष्ट्रभर नेलं, पण मूळ कल्पनेचं श्रेय ते स्वतः आपल्या काटोलच्या डॉ. श्रीकांत जिचकारांना देतात. विदर्भाचं असून विदर्भालाच माहीत नाही. यात भाकर सोडायची गरजच नाही.

सेवानिवृत्त मास्तर (आर्वी)

ते लो कार्ब नाही, वेळेचं बंधन आहे. धाग्याचा विषय वेगळा. (जिचकारांचं मात्र बरोबर सांगितलंत.)

चुलीपुढची (मूर्तिजापूर)

इतकं लिहिलंत, पण हे करून कोण देते, ते एकानंही लिहिलं नाही. गल्लेवाले भाऊ, तुमच्या दोन वाट्या भाज्या कोण निवडते? भरिताची वांगी कोण भाजते? तुमची अर्धी भाकर, सासऱ्यांची मऊ पोळी, पोरांचा भात, अन् वेचणीला जाणारीच्या डब्यात दोन भाकरी. चूल एकच आहे. घरच्या माणसाचं डाएट सुरू झालं की बाईची सकाळ अर्ध्या तासानं लवकर होते.

दुसरी गोष्ट तर कोणी बोलतच नाही. भाकर कमी केली की वाटी मोठी करावी लागते. ती कुठून मोठी होते? रेशनवर माणशी पाच किलो गहू-तांदूळ येतात, जानेवारी २०२३ पासून तेही फुकट. पण डाळ, अंडी, फल्ली, तेल सगळं पैशानं. घरात चार अंडी आली अन् दोन साहेबांच्या डाएटला गेली, तर उरलेली पोरांना. बाई रस्सा अन् भाकर खाऊन उठते, आधीही अन् आताही. सगळ्यात कमी प्रोटीन तिच्याच ताटात, अन् दिवसभर वाकून कापूस वेचते तीच. तिची मजुरी किलोवर असते. चक्कर आली तर पैसे कटतात.

भाकर कमी करू नका असं मी म्हणत नाही. आधी घरातल्या सगळ्यांची वाटी मोठी करा, मग स्वतःची भाकर लहान करा.

बोंडअळी (घाटंजी)

ताई, एक नंबर. गल्लेवाले भाऊ, आता द्या उत्तर.

गल्लेवाला (दर्यापूर)

ताई, भाजी निवडायला मी बसतो, पण तुमचा मुद्दा तेवढ्यानं संपत नाही, हे मान्य. पैशाचं मात्र बोलू या. सगळ्यात स्वस्त प्रोटीन आपणच पिकवतो अन् बाजार समितीत नेऊन ओततो. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये, म्हणजे किलोला ५३. अन् हमीभाव तरी सगळ्यांच्या हाती कुठं पडते? त्यात प्रोटीन ३५ टक्क्यांच्या वर, कार्ब डाळीपेक्षा किती तरी कमी. एक पोतं घरी ठेवलं तर सगळ्यांचीच वाटी मोठी होते. जवस, तीळ, तूर, बरबटी धुऱ्याधुऱ्यानं होतेच. आपण सलग सोयाबीन अन् कपाशी लावून बसलो, अन् तेच सोयाबीन वड्यांच्या पाकिटात पैसे देऊन परत आणतो.

चुलीपुढची (मूर्तिजापूर)

सोयाबीन घरात नीट शिजवून कधी पाहिलं का भाऊ? रात्रभर भिजवा, पाणी फेका, कुकरमधे चांगलं उकळा, तरी एक वास राहतेच. कच्चं दळून पिठात टाकलं तर पोट बिघडते. पोरं तोंड वाकडं करतात. आम्ही भाजून, सालं काढून, हरभऱ्यासोबत दळून आणतो, तेव्हा कुठं त्याचं चून खपते. कागदावर ५३ रुपये किलो दिसते, मेहनत कोणाच्या हिशोबात धरली?

मामा तलाव (साकोली)

तुमचं सगळं ज्वारीवरच चाललं आहे. इकडं भंडारा-गोंदियात येऊन बघा, सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात. घरचं धान कोठीत भरलेलं असताना भात कमी खा म्हटलं की म्हातारी विचारते, दुष्काळ पडला का? तांदळात १०० ग्रॅमला ७८ ग्रॅम कार्ब, अन् भाकर मोजता तरी येते, भात वाढता वाढता किती झाला ते कळतच नाही.

पण एक सांगू, आमचं ताट बदलायला सोपं आहे. मालगुजारी तलावांतले मासे आहेत, झिंगे आहेत, बांधीत खेकडे निघतात. भात एक मूद अन् मासे पोटभर, हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. नड येते श्रावणात अन् माळ घातलेल्यांच्या घरी. तिथं तुम्ही काय सांगता?

उपकेंद्रवाली ताई (सिंदेवाही तालुका)

मी उपकेंद्रात नर्स आहे. भाकरीवर भांडा, हरकत नाही, पण गोळ्यांबद्दल कोणीच लिहिलं नाही, त्याची मला जास्त काळजी आहे.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी सुरू असताना अचानक भाकर-भात अर्धा केला, तर साखर एकदम खाली येते. घाम सुटतो, हातपाय कापतात, माणूस बरळायला लागतो, आणि वावरात एकटा असेल तर संपलंच. नुसत्या मेटफॉर्मिनवर हा धोका सहसा नसतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांवर असलेल्यांनी कीटोच्या वाटेलाच जाऊ नये. त्यात रक्तात आम्ल वाढतं, आणि मशीनवर साखर ठीक दिसते म्हणून कोणाला संशयही येत नाही. गरोदर बाया, अंगावर पाजणाऱ्या आणि किडनीचे पेशंट यांनी इथलं वाचून काहीही सुरू करू नये.

दुसरं, ऊन. कार्ब कमी केले की इन्सुलिन उतरतं आणि लघवीवाटे मीठ-पाणी जास्त जातं. पहिल्या आठवड्यातली डोकेदुखी आणि गळाठा त्याचाच. पुण्यात ते चालून जातं. आमच्याकडं ब्रह्मपुरी-चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर असताना मे महिन्यात हे सुरू करणं शहाणपणाचं नाही. दिवाळीनंतर सुरू करा, थंडीत भाज्याही स्वस्त असतात. मठ्ठ्यात मीठ घाला, पण बीपीची गोळी असेल तर आधी विचारा.

आणि पूर्व विदर्भातली खास गोष्ट म्हणजे सिकलसेल, हा लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. शरीरातलं पाणी कमी झालं की सिकलसेलच्या पेशंटला दुखण्याचा झटका येतो, म्हणून त्यांनी असले प्रयोग टाळावेत. शिवाय तीन महिन्यांची साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी सिकलसेलमध्ये फसवी असते. लाल पेशी लवकर मरतात, म्हणून आकडा असतो त्यापेक्षा कमी येतो. डाएटनं कमाल केली असं वाटतं, आणि साखर जिथल्या तिथं असते. अशांनी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर मोजावी.

श्रावणाचं विचारलंत, तर दही, पनीर, फल्ली, जवस, भाजलेला हरभरा, वालाच्या शेंगा. महाग पडतं, चुलीपुढची ताई म्हणते ते खरंच आहे.

सेवानिवृत्त मास्तर (आर्वी)

ताईंच्या जोडीला एक आकडा देतो. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीत बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २११० कॅलरी आणि अंगमेहनतीच्या पुरुषाला ३४७० धरल्या आहेत. बायकांसाठी १६६० आणि २७२०. गल्लेवाला आणि बोंडअळी दोघंही आपापल्या जागी बरोबर, पण गल्लेवाल्यांचा नियम वेचणीवाल्या बाईला लावला तर अन्याय होईल.

गल्लेवाला (दर्यापूर)

मास्तर, तो मी लावलाच नाही. पण बोंडअळी भाऊ, एक सांगा. फवारणी वर्षातून किती दिवस? वेचणी संपली, शेवटी पऱ्हाट्या उपटल्या, की होळीपासून मिरगापर्यंत पारावर बसूनच असता ना? त्या दिवसात भाकरी कमी होतात का?

बोंडअळी (घाटंजी)

नाई होत. उलट उन्हाळ्यात लग्नाच्या पंगती असते. आंब्याचा रस, बुंदी, रोडग्याच्या पार्ट्या. नाई म्हनलं तर यजमान पाया पडते. उन्हाळ्यातलं तुमचं म्हननं पटलं, पन पाऊस पडला का मी दोन भाकरीवर येनार.

नर्सताई, एक इचारतो. माही माय ग्लिमेपिराइड घेते. नवरात्रात नऊ दिवस धरते, साबुदाना अन् आलूवर. ते लो कार्बच झालं ना, भाकर तर बंदच असते?

उपकेंद्रवाली ताई (सिंदेवाही तालुका)

उलटं झालं दादा. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, भाकरीपेक्षा लवकर साखर चढवतो. आणि सकाळी गोळी घेऊन दुपारपर्यंत निरंकार राहिल्या तर तीच साखर धाडकन खाली. दोन्ही धोके एकाच दिवशी. उपास सोडा म्हटलं तर त्या ऐकणार नाहीत, मला अनुभव आहे. घट बसायच्या आठ दिवस आधी त्यांना गोळ्यांच्या पाकिटासकट तुमच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) घेऊन जा. गोळी किती आणि कधी घ्यायची, ते तिथले डॉक्टर ठरवतील, तुम्ही स्वतः अर्धी करू नका. आणि फराळात साबुदाण्याऐवजी दही, फल्लीदाणे, राजगिरा किंवा भगर थोडी. दही मात्र घरचं, गोड लस्सी नको.