डेस्मॉइडच्या गाठीला रेडिएशन, कोणी घेतलंय का? घरात सगळे घाबरलेत

साताऱ्याची ताई
नमस्कार, माझ्या धाकट्या भावाला, वय 31, डाव्या खांद्यामागे डेस्मॉइडची गाठ आहे. दोनदा ऑपरेशन झालं आणि दोन्ही वेळा त्याच जागी परत आली. आता हाताला मुंग्या येतात, रात्री ठणका लागतो, आणि डॉक्टर म्हणतात तिसऱ्यांदा कापलं तर हाताची नस जाईल म्हणून रेडिएशन घ्या, 28 सिटिंग. आई एकच धरून बसलीये की कॅन्सर नाही म्हणता मग शेक कशाला देता? मला तिला नीट सांगता येत नाही आणि खरं सांगायचं तर मलाच पटत नाहीये. कोणी घेतलं असेल तर प्लीज सांगा.

मांडीवाला
ताई मी घेतलंय, मांडीच्या गाठीला, 2017 साली. सोमवार ते शुक्रवार रोज जायचं, शनिवार रविवार सुट्टी, असे जवळजवळ सहा आठवडे. मशीनखाली दुखत काही नाही, दहा पंधरा मिनिटं न हलता पडायचं बस. चौथ्या आठवड्यानंतर कातडी काळी पडली आणि सालं निघाली, सैल सुती कपडेच घालायचे, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिथे काहीही चोळायचं नाही. पण मला सगळ्यात जड गेलं ते नंतरचं. सहा महिन्यांनी एमआरआय केला तर गाठ होती तेवढीच, मी हॉस्पिटलच्या जिन्यातच बसून रडलो, वाटलं सगळं फुकट गेलं. दुसऱ्या वर्षी कमी व्हायला लागली आणि अजून आहे छोटीशी, पण वाढत नाही. गुडघा मात्र पूर्ण वाकत नाही, मांडी घालून जेवायला बसता येत नाही. हे आधीच माहीत असलेलं बरं.

रेडिओथेरपीत काम करते
आईंना असं सांगा की ही गाठ फुप्फुसात, लिव्हरमध्ये पसरत नाही म्हणून कॅन्सर म्हणत नाहीत, पण आहे त्या जागी मुळासारखी स्नायूत, नसांभोवती घुसत जाते. म्हणून तर कापली तरी परत येते. 28 सिटिंगला बहुतेक वेळा रोज 2 ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं माप), एकूण 56 ग्रे देतात. युरोपातल्या एका ट्रायलमध्ये ऑपरेशन न करता 44 जणांना हाच डोस दिला होता, 3 वर्षांनी शंभरात साधारण 81 जणांची गाठ आटोक्यात होती. आणि मांडीवाल्या दादांनी लिहिलंय ते अगदी खरं आहे, काहींची गाठ 3 वर्षांनंतरही कमी होत राहिली, त्यामुळे पहिल्या एमआरआयवरून निकाल लावू नका. नुसता साईज बघू नका, एमआरआयवर आधी पांढरी चमकणारी गाठ काळपट दिसायला लागली तर आतल्या पेशी कमी होऊन नुसता जून वण उरतोय असा त्याचा अर्थ असतो.
दुसरी बाजू पण सांगते. खांदा आखडू शकतो, हाताला सूज येऊ शकते, आणि वय कमी असल्यामुळे पुढे पंधरा वीस वर्षांनी त्या जागी खराखुरा कॅन्सर होण्याची थोडी शक्यता राहते. म्हणूनच हल्ली रेडिएशन पहिल्या नंबरला ठेवत नाहीत.

मुलीचा बाबा
माझी मुलगी 22 ची, पोटाच्या भिंतीत गाठ. आम्हाला सांगितलं काहीच करू नका, दर तीन महिन्यांनी एमआरआय करा. रोज झोप उडायची, पण दीड वर्षात गाठ आपोआप बारीक झाली. ताई तुमच्या भावाला दुखतंय, नस दबतेय, तिथे नुसतं थांबणं वेगळं, ते मला कळतंय. पण गोळ्यांचं विचारलं का? सोराफेनिब देतात, गोळ्या नाहीत तर मेथोट्रेक्सेट विनब्लास्टिन ही केमो पण कमी डोसमध्ये देतात. अमेरिकेत नोव्हेंबर 2023 मध्ये निरोगासेस्टॅट या गोळीला खास याच गाठीसाठी परवानगी मिळालीये. परळला टाटामध्ये हाडं आणि सॉफ्ट टिश्यूची वेगळी टीम आहे, फाईल आणि स्लाईड ब्लॉक (गाठीच्या तुकड्याचे लॅबमध्ये जपून ठेवलेले नमुने) घेऊन एकदा जाऊन या. घाई करू नका, ही गाठ चार आठवड्यांत जीव घेत नाही.

साताऱ्याची ताई
गोळ्यांचं कोणी बोललंच नाही आम्हाला!! सोमवारी स्लाईड मागून घेते. आईला मुळांचं उदाहरण सांगितलं, म्हणाली हरळीसारखं आहे म्हणजे. रेडिएशनवाल्या ताई, खांदा आखडू नये म्हणून आधीपासून काही करता येतं का?

रेडिओथेरपीत काम करते
हो, पहिल्या सिटिंगपासूनच फिजिओ सुरू करायचा, संपल्यावर नाही. भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा व्यायाम शिकवतील. शेक संपल्यावरही महिनोन् महिने सोडायचा नाही, आखडणं उशिरा सुरू होतं.

मांडीवाला
मला हे कोणी सांगितलं नव्हतं. ताई, भावाला रोज करायला लावा.