‘ग्राँ प्री’ घरी बघून झाला असं म्हणू नका

गिरगावचा प्रेक्षक
जॉन फ्रँकनहायमरचा १९६६ सालचा ‘ग्राँ प्री’ हा मोटार शर्यतींवरचा माझा सगळ्यात लाडका चित्रपट. घरच्या ४३ इंची टीव्हीवर तीनदा पाहिला होता. गेल्या महिन्यात फोर्टमधल्या एका सभागृहात मोठ्या पडद्यावर पाहिला, आणि वाटलं, अरे, हा तर आपण पाहिलाच नव्हता.

सुरुवातीचा तो काळोख म्हणजे एक्झॉस्टच्या नळीचं तोंड. इंजिन सुरू झालं तेव्हा खुर्चीच्या दांड्यावर ठेवलेला माझा हात थरथरला. घरी नेमका तिथेच मी आवाज कमी केला होता, आई झोपली होती म्हणून. मग शीर्षकांची आणि शर्यतींची मांडणी करणाऱ्या सॉल बासची कमाल: पडद्यावर एकाच चित्राचे चार, मग आणखी, मग आणखी तुकडे. घरी त्यातला एकेक तुकडा पोस्टकार्डाएवढा होतो आणि सगळे एका नजरेत मावतात. तिथे बघू कुठे आणि सोडू काय, अशी गत झाली.

माझं मत स्पष्ट आहे. हा चित्रपट घरी बघू नये. थिएटरात लागेपर्यंत थांबावं.

डोंबिवलीकर
थांबावं, पण किती वर्षं? असे चित्रपट लागतात क्वचित, तेही दक्षिण मुंबईत, मधल्याच एखाद्या वारी संध्याकाळी. चित्रपट जवळजवळ तीन तासांचा. साडेसहाला सुरू झाला तर सुटेपर्यंत पावणेदहा, पुढे डोंबिवली, आणि सकाळी परत फास्ट पकडायची. मी हेडफोन लावून दोन रात्रींत पाहिला. मध्यंतर चित्रपटातच आहे, तिथे थांबलो. काही बिघडलं नाही.

उलट घरी जास्त सापडलं. शर्यतीतल्या बऱ्याच गाड्या मुळात खालच्या श्रेणीच्या, फॉर्म्युला थ्रीच्या, वरून सर्वोच्च श्रेणीच्या फॉर्म्युला वनचा साज चढवलेल्या. हे कळल्यावर मी मोनाकोच्या शर्यतीचा भाग थांबवून थांबवून पाहिला. थिएटरात कोण थांबवणार?

गिरगावचा प्रेक्षक
गाड्या ओळखायला दुसऱ्यांदा बघा ना घरी. मी पहिल्या वेळेबद्दल बोलतोय. आणि टीव्हीवर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, पडद्याचा जवळजवळ पाचवा भाग त्यातच जातो. मुळात रुंद पडद्यासाठी काढलेलं चित्र आहे हो.

संकलन टेबल
मी संकलनाचंच काम करते, म्हणून लिहिते. या चित्रपटाला तीन ऑस्कर मिळाले: संकलन, ध्वनी आणि ध्वनिपरिणाम. म्हणजे तीनातले दोन कानासाठी. कॅमेरा लावलेली फोर्ड जीटी४० ही शर्यतीची गाडी चालवायला खुद्द फिल हिल होता, फॉर्म्युला वनचा १९६१चा जगज्जेता. इतक्या कष्टाने आणलेला वेग लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकणं मला अन्याय वाटतो. मात्र चांगल्या हेडफोनला माझी हरकत नाही. मुंबईच्या कितीतरी हॉलमध्ये आवाज इतका दबका ठेवतात की घरचा बरा. मी एका ठिकाणी मध्यंतरात उठून सांगायला गेले होते, तरी वाढवला नाही.

मिनर्वाच्या रांगेतला
मी ‘शोले’ मुंबईच्या मिनर्वा थिएटरात ७० मिमीच्या रुंद फिल्मवर पाहिलेला माणूस. तो ३५ मिमीवर चित्रित करून मोठा केलेला होता, तरी छातीत धडधडलं होतं. ‘ग्राँ प्री’ तर मुळातच ६५ मिमी निगेटिव्हवर घेतलेला, ज्यावरून ७० मिमीची प्रिंट निघते. गिरगावकर, तुम्ही फोर्टात पाहिलात तो डिजिटल, छोट्या सभागृहातला. ती ७० मिमीची प्रिंट नव्हे. मग थिएटरात पाहिला असं तुम्ही कुठल्या हिशेबाने म्हणता? त्यापेक्षा चांगली डिस्क आणि मोठा टीव्ही मूळ चित्राच्या जास्त जवळ जाईल.

गिरगावचा प्रेक्षक
प्रिंटबद्दल तुमचं बरोबर, मान्य करतो. पण शेजारचं माणूस डिस्कवर मिळत नाही. इटलीतल्या मोंझाच्या शर्यतीत त्या तिरक्या, भिंतीसारख्या वळणावर गाड्या चढल्या तेव्हा माझ्या बाजूचे काका उजवा पाय जमिनीवर दाबत होते. ब्रेक मारत होते ते. त्यांचा तो बूट मी विसरणार नाही. माझ्याही नकळत माझा पाय दाबला गेला.

डोंबिवलीकर
तुमचे काका वाचून राहवलं नाही. माझे बाबा बेस्टमध्ये ड्रायव्हर होते, डबलडेकरवर. गुडघे गेलेत, स्टेशनचा जिना चढवत नाही. फोर्ट तर सोडाच. दुसऱ्या रात्री ते पाणी प्यायला उठले आणि माझ्याजवळ बसले. मी हेडफोन काढून आवाज खोलीत सोडला. पडद्यावर ड्रायव्हरचा हात दिसायच्या आधी ते सांगत होते, “आता खालचा गिअर टाकणार.” नुसत्या आवाजावरून. डावा हात मांडीवर हलत होता. इंग्रजी संवाद त्यांना फारसे कळले नाहीत, पण शेवटपर्यंत उठले नाहीत. तुमच्या नियमाने हा चित्रपट त्यांनी कधीच बघायचा नाही.

गिरगावचा प्रेक्षक
नाही, तसं मी म्हणणार नाही. बाबांना कुठली शर्यत आवडली?

डोंबिवलीकर
मोनाको. मी त्यांच्यासाठी ती परत लावली. “दोन्ही बाजूंनी इमारती, एवढ्याशा रस्त्यात ओव्हरटेक करायला जागा कुठून काढतात ही पोरं,” म्हणाले.