वावराच्या नोंदी मोबाईलवर घ्याच्या हायेत, नोशन का कीप? सुरुवात कशी करू

धुरेकरी_दारव्हा
नमस्कार मंडळी. आमचं कोरडवाहू वावर, कपाशी तूर सोयाबीन. आजवर सगळं बाबांच्या डायरीत, बियाण्याच्या बॅगा कधी आणल्या, कोणत्या फवारणीले कोणतं औषध, निंदणाच्या बायांचे किती द्याचे राह्यले, सोसायटीचं कर्ज, सगळं एकाच डायरीत आन तेही कृषी केंद्रातून फुकट भेटलेली. आता बाबाले बारीक दिसत नाही म्हणून मी मोबाईलवर घ्याव म्हणतो. युट्युबवर जो तो नोशन नोशन करून रायला, एक टेम्प्लेट घेतलं तर त्यात पाणी किती ग्लास पेलं, पुस्तकं किती वाचली, आज मूड कसा हाये. बाप्पा, मले फक्त मागच्या साली बोंडअळीवर काय मारलं होतं ते पाह्यचं हाये! वावरात नेटवर्क फक्त धुऱ्यावरच्या बाभळीखाली येते. फोन साधा ॲन्ड्रॉइड. कोणी वापरून रायलं का?

संत्रावाला_वरुड
भाऊ, नोशन वाईट नाही, पण तुमच्या कामाचं नाही. ऑफलाइनची सोय त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये आली, त्याच्या आधी नेट गेलं का सगळं ठप्प होतं, आन आताही फुकटवाल्याले एकेक पान आधीच ऑफलाइनसाठी चालू करून ठेवा लागते, ते विसरले का बसा बाभळीखाली. गुगल कीप घ्या. नेट नसलं तरी लिहिता येते, रेंज आली का आपोआप वर जाते. एव्हरनोटच्या नादी लागू नका, डिसेंबर २०२३ पासून फुकटात फक्त ५० नोंदी देते, एवढ्या तं एका खरिपातच होतात.

सुरुवात म्हणाल तं एकच विषय धरा, फवारणी. तारीख, कोणतं वावर, औषध, पंपाले किती, झालं. महिनाभर तेवढंच लिहा. पह्यल्याच दिवशी लेबलं रंग आन पंधरा वह्या करणारा माणूस पोळ्यापर्यंत टिकत नाही.

ऑनलाइन_सेंटर
वरच्याशी सहमत. एक भर घालतो, आपल्याकडचे लोक इथंच अडकतात. शोधायची पद्धत आधीच ठरवून घ्या. एकदा 'फवारणी' एकदा 'फवारनी' एकदा 'स्प्रे' असं लिहिलं तर नंतर एकाच शब्दाने सगळं सापडत नाही. आकड्याचंही तेच, कुठं ७ कुठं 7 करू नका, एकच ठेवा. बोलून लिहायचं असेल तर जीबोर्डमध्ये (गुगलचा कीबोर्ड) मराठी घालून माईक दाबा, पण औषधाची नावं तो भलतीच ऐकतो, डब्याच्या लेबलचा फोटो नोंदीतच टाका.

आन आधार, पासबुक, एटीएमचा पिन असलं काही त्यात ठेवू नका. आमच्याकडे येणारे निम्मे लोक फोन पासवर्डशिवाय वापरतात, लेकरं दिवसभर गेम खेळतात त्याच्यावर.

काळी_माती
ऑब्सिडियनचं कोणीच नाव घेतलं नाही? नोंदी साध्या फाईलमध्ये तुमच्याच फोनवर राहतात, नेट लागतच नाही, ॲप फुकट आहे, पैसे लागतात ते त्यांची सिंक, म्हणजे नोंदी दुसऱ्या फोनवरही आपोआप नेणारी सोय, घेतली तर. उद्या कंपनी बंद पडली तरी फाईली आपल्याजवळच.

संत्रावाला_वरुड
@काळी_माती हो पण फोन विहिरीत पडला तर फाईलीही विहिरीतच. बॅकअप स्वतः घेणारा असेल तं बेस, बाकीच्यांना कीपच बरं.

वेचणीवाली_ताई
भाऊ, मजुरीचा हिशेब मात्र नोंदीच्या ॲपमधी लिहू नका, बेरीज कोण करीन? वेचणीत तर रोज प्रत्येक बाईचे वेगळे किलो असतात. त्याले गुगल शीट घ्या आन ते ऑफलाइन करून ठेवा: तारीख, नाव, किलो, भाव, दिले, बाकी. आन बायांसमोर लिहा, त्यायले दाखवा, नाहीतर शनिवारी चुकाऱ्याले भांडण ठरलेलं.

दुसरं, बियाण्याची बॅग फोडली का टॅग, लॉट नंबर आन पक्कं बिल, तिन्हीचे फोटो एकाच नोंदीत ठेवजा. उगवलं नाही तर तक्रारीले हेच मागतात, पण बॅग आन टॅग फेकू नका, नुसता फोटो पुरत नाही. बिलाची शाई मात्र उडून जाते तवा फोटो कामी येते.

आन औषधाच्या लेबलचा फोटो तुमच्याच नाही, फवारणाऱ्या गड्याच्या फोनमधीही पाह्यजे. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेनं किती माणसं गेली. दवाखान्यात नेलं का डॉक्टर पह्यले विचारतात काय फवारलं होतं, आन घरचे म्हणतात, "ते हिरव्या डब्याचं."

धुरेकरी_दारव्हा
लय धन्यवाद सगळ्यायले, ताईंचं तं पक्कंच. कीप टाकलं. जुन्या डायऱ्या पूर्ण टाईप करू का मग? आन बाबांचं लिहिणं बंदच करू का?

ऑनलाइन_सेंटर
टाईप करत बसू नका, मागच्या दोन सालाच्या फवारणीच्या पानांचे फोटो काढा आन वर एक ओळ लिहा, साल आन वावर. हाताचं लिहिलेलं शोधात सापडीन या भरवशावर राहू नका, म्हणून ती ओळ.

वेचणीवाली_ताई
बाबांचं बंद काहून करता? ते सांगतीन, तुम्ही लिहा. आन नोंदीत त्यायचा जीमेल जोडून द्या, कीपमधी दुसऱ्याले जोडता येते, त्यायच्या फोनवर अक्षर मोठं करून ठेवलं का दिसते.