पुन्हा: गणपतीच्या गेटवर पोलीस, शुक्रवारपर्यंत कळवा

नमस्कार मंडळी,
टाउनशिपचा फॉर्म शुक्रवारी द्यायचा आहे. शाळेसमोरच्या रस्त्यावर नेहमीप्रमाणे दोन ऑफ-ड्युटी पोलीस सांगायचे का? केटररचा निरोप आलाय, पोलिसांची गाडी मागच्या दाराशी असेल तर त्यांची माणसं येणार नाहीत. आणि पानं ४०० आहेत.
– सचिव

पोलीस हवेतच. पोलिसांशिवाय तो रस्ता म्हाताऱ्या माणसांनी ओलांडायचा नाही. कागदपत्रं नीट असलेल्याने घाबरायचं कशाला? मी १९९९ ला एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत आलो, ग्रीन कार्डासाठी ११ वर्षं काढली. आई आजारी होती तेव्हा व्हिसा स्टॅम्पिंग अडकेल म्हणून गेलो नाही. ती गेली. ज्यांनी ती रांगच धरली नाही, त्यांच्यासाठी आपण गेट उघडं टाकायचं? मला नाही पटत. एवढ्यावरून मला कोणी निर्दयी म्हणू नका.
– नाना

नाना, निर्दयी कोणी म्हणणार नाही. आईंचं ऐकून गलबलून आलं.
पण गेल्या वर्षी मी मागे वाढपाची भांडी काढत होते. खिडकीत निळे-लाल दिवे फिरले, तसा बटाटे सोलणारा मुलगा सुरी खाली ठेवून फ्रीजच्या आडोशाला गेला. ओल्या हातांनीच खिशातलं वर्क परमिट काढून माझ्यापुढे धरलं. मी विचारलंही नव्हतं. कागद नीट असूनही घाबरला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.
– वाढप, ताई

दिव्यांवरून आठवलं, मंडपाची रोषणाई यंदा कोण करतंय? मागच्या माळा अजून माझ्याच गॅरेजमध्ये आहेत.
– सजावट

गेटचा विषय पार्किंग समितीचा आहे. आधी आम्हाला विचारायला हवं होतं.
आता मुद्द्याचं. टाउनशिपचे पोलीस म्हणजे आयसीई, म्हणजे केंद्राचं इमिग्रेशनची धरपकड करणारं खातं, नव्हे. न्यू जर्सी राज्याचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल गुरबीर ग्रेवाल यांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला: नुसत्या इमिग्रेशन स्टेटसच्या संशयावरून इथल्या पोलिसांनी कोणाला अडवायचं नाही, पकडायचं नाही. दोन काउंट्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या, २०२१ मध्ये फिलाडेल्फियाच्या अपील कोर्टात हरल्या. नाना, त्यात तुमच्या बाजूचंही आहे: गंभीर गुन्ह्यातला आरोपी असेल तर आयसीईला कळवायची मुभा आहे.
– पार्किंग

आदेश इथल्या पोलिसांना लागू, आयसीईला नाही. शाळा, देवळं, दवाखाने इथे कारवाई टाळायचं केंद्राचं धोरण जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतलं, म्हणून लोक जास्त धास्तावलेत. आमचे सासू-सासरे व्हिजिटर व्हिसावर आलेत, तेही विचारतात, पासपोर्ट बरोबर ठेवू का. ठेवा म्हटलं. ग्रीन कार्डवाल्यांनीही ठेवा. १८ वर्षांवरच्यांनी कार्ड जवळ बाळगावं हा कायदा जुनाच आहे.
– बालविभाग

मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करमाफी असलेली धर्मादाय संस्था आहे, लिस्टवर राजकारण नको.
– खजिनदार

खजिनदारसाहेब, त्या नियमात मनाई आहे ती उमेदवाराचा प्रचार करायला. पोलीस कुठे उभे राहणार, हे बोलायला नाही. आणि नाना उघडपणे बोलले म्हणून तर त्यांचं आम्हाला कळलं. त्यांना गप्प करू नका, मलाही करू नका.
– ताई

ताई, त्या मुलाचं मला माहीत नव्हतं. रांगेबद्दलचं माझं मत आहे तेच आहे. पण घरच्या कार्याला आलेला माणूस फ्रीजमागे उभा राहू नये. पोलीस रस्त्यावर असू देत, गाडी पुढच्या लॉटमध्ये लावायला सांगा. मागच्या दाराशी मी थांबतो, सकाळी सातपासून. आयसीईचं कोणी आलंच तर त्यांच्या वॉरंटवर न्यायाधीशांची सही आहे का बघेन आणि सचिवांना फोन करेन. केटररला आधी मीच सांगतो.
– नाना

नाना, चालेल. पुढचा लॉट मोकळा ठेवतो, पण ट्रॅफिकचे कोन आमचेच लावायचे.
– पार्किंग

फॉर्म भरला: दोन पोलीस, फक्त क्रॉसिंगवर. नाना, मागच्या दाराची किल्ली गुरुवारी घेऊन जा.
– सचिव