मदत हवी आहे: जर्मनीत मुटर-किंड-कुर, धाकट्याला जर्मन येत नाही

नमस्कार मंडळी. आम्ही श्टुटगार्टला राहतो. पाठदुखी आणि न हटणाऱ्या थकव्यामुळे डॉक्टरांनी मला मुटर-किंड-कुर सुचवली, म्हणजे मुलांना घेऊन तीन आठवडे उपचार केंद्रात राहायचं. सरकारी विमा आहे, मंजुरी आली आहे. रोजचे 10 युरो आपण भरायचे, पगार चालू राहतो, हे माहीत आहे.

काळजी मुलांची आहे. मोठी पाच वर्षांची, जर्मन छान बोलते. धाकटा अडीच वर्षांचा, किटात (इथल्या बालवाडीत) जात नाही, फक्त मराठी समजतो. माझे उपचार चालू असताना त्याला तिथल्या पाळणाघरात ठेवावं लागेल. तो तिकडे रडत असेल तर मला विश्रांती कसली मिळणार? नवऱ्याला सोबत येणं शक्य नाही. केंद्र उत्तर समुद्रातल्या एका बेटावर आहे, म्हणजे अध्येमध्ये भेटायला येणंही अवघड. केंद्राला मेल केला, "हळूहळू रुळेल" एवढंच उत्तर आलं. वुन्श-उंड-वालरेख्टनुसार, म्हणजे आपली पसंती सांगण्याच्या हक्कानुसार, दुसरं केंद्र मागता येतं, पण विमा कंपनीला कारण पटायला हवं.

जर्मन न येणाऱ्या लहानग्याला घेऊन कोणी गेलं आहे का? पहिले काही दिवस आईला पाळणाघरात सोबत बसू देतात का? आणि केंद्र बदलून घेतलं असेल, तर अर्जात नेमकं काय लिहिलं होतं?